खटक्याच्या डब्यात काय भाजावे

क्रॉफर्ड मार्केटात केकचे साहित्य घ्यायला गेलेली गृहिणी साधा गोल डबा घेण्याच्या विचाराने जाते आणि बहुधा एकात एक बसणाऱ्या तीन डब्यांचा संच घेऊन परतते. बाजूला खटका, खटका उघडला की सैल होणारी कड आणि निराळा निघणारा तळ, अशी त्यांची रचना. दुकानदार खटका दोनदा उघडून मिटून दाखवतो, आणि तेवढ्यावर सौदा होतो. यालाच स्प्रिंगफॉर्म पॅन म्हणतात. नाव मूळचे जर्मन. घरी आल्यावर सोबतच्या कागदावरची पाककृती वाचली जाते. क्रीम चीज, चार अंडी, लोण्यात कालवलेला बिस्किटांचा चुरा, जिलेटिन, आणि शेवटी ‘रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे’. जैन घरात यांतली एकही ओळ जशीच्या तशी चालण्यासारखी नसते. डबे माळ्यावर जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत तेवढे खाली उतरतात.

दोष डब्याचा नाही. ती पाककृती ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिली गेली, तेथे अंडे आहे. म्हणजे केकला आतून धरून ठेवणारे काहीतरी आहे. अंड्यातील प्रथिने तापली की घट्ट होतात आणि केकच्या आत एक जाळे उभे राहते. असा केक साध्या डब्यातून उपडा केला, पुन्हा सुलटा केला, तरी त्याचे फारसे बिघडत नाही. दही आणि सोडा घालून किंवा आटीव दुधावर केलेल्या बिनअंड्याच्या केकला हे जाळे नसते. तो मऊ होतो, चवीला उत्तम होतो, पण उपडा करताना त्याची कड तुटते आणि मधला गोळा डब्यालाच चिकटून राहतो. छेना, चक्का, डाळ-तांदळाचे पीठ, काकडी-गुळाचे मिश्रण यांचे तर त्याहून अवघड. यांतला कोणताही पदार्थ उपडा करण्याजोगा नसतोच. खटक्याच्या डब्याचा सारा उपयोग एवढाच की पदार्थ उलटावा लागत नाही. कड सैल होऊन वर निघते आणि पदार्थ बसल्या जागी तळावर उभा राहतो. म्हणजे ज्या घरात अंडे येत नाही, त्या घराला या डब्याची गरज मूळ मालकांपेक्षा अधिक. माळ्यावर टाकायचा असेल तर साधा डबा टाकावा.

काय भाजावे याचे उत्तर मात्र केवळ डब्यावर अवलंबून नाही. ते पानावर कोण बसणार यावर अवलंबून आहे. गिरगाव, दादर, परळ येथील अनेक व्यापारी कुटुंबांत आज वाढदिवसाचा केक बाहेरून येतो. पुरुष मंडळी दुकान बंद करून आठ-साडेआठला घरी पोचतात, तेव्हा तो कापला जातो. डब्यावर हिरवे चिन्ह असते, अंडे नाही याची खात्री करून घेतलेली असते, तरी घरातील आजी टाळ्या वाजवून मागे सरकतात. त्यांचा चौविहार सूर्यास्तालाच झालेला असतो. तो नसता तरी केकमध्ये लोणी आहे का, मध आहे का, कालचा तर नाही ना, हे त्यांनी विचारले असते, आणि तेवढ्या प्रसंगी कोणाला ते विचारणे नको वाटते. म्हणून त्या विचारतही नाहीत. नातवंडांना वाटते, आजीला केक आवडत नाही.

त्या हिरव्या चिन्हाविषयीही येथेच सांगितले पाहिजे, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाविषयीच्या भारतातील नियमांत अंडे मांसाहारात मोजले आहे, ही मोठीच सोय. पण त्याच नियमांनी दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना शाकाहारात ठेवले आहे. लोणी आणि मध ज्या घरात महाविगई म्हणून वर्ज्य आहेत, त्या घराला हिरवे चिन्ह पुरेसे नाही. कंदमुळांविषयी तर ते काहीच सांगत नाही. घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही; परदेशी चीज आणायचे असल्यास ते वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले आहे की सूक्ष्मजीवजन्य रेनेटने, हेही त्या यादीतच शोधावे लागते. एवढा शोध घेण्यापेक्षा घरी दूध नासवणे सोपे.

आणि येथेच ओडिशाचा छेनापोडा मदतीला येतो. ओडिया भाषेत ‘पोडा’ म्हणजे जळका, करपवलेला. नयागड जिल्ह्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. ताजा छेना, साखर, थोडा रवा, वेलची, काजू एवढेच त्यात असते. सालाच्या पानांत गुंडाळून मंद आचेवर तो तासन्‌तास भाजतात, आणि कडेची साखर करपून गडद तपकिरी होते. स्पेनमधल्या सान सेबास्तियन शहरातला काळ्या पाठीचा चीजकेक गेल्या काही वर्षांत जगभर पोचला आणि मुंबईच्या उपाहारगृहांतही आला. त्यात अंडी असतात. ओडिशाने तीच करपट गोडी अंड्यावाचून साधलेली आहे, आणि तीही त्याच दिवशी नासवलेल्या दुधातून. रात्रभर काहीच ठेवावे लागत नाही, यात या पदार्थाचे खरे मोल आहे. ओलसर पदार्थावरून रात्र गेली की तो वासी, हा नियम पाळणाऱ्या घरात याहून चांगला केक सापडणे कठीण.

७ इंची डब्यासाठी म्हशीचे साय न काढलेले २ लिटर दूध घ्यावे. उकळी आली की आच बंद करून दोन मिनिटे थांबावे, मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा. हिरवट पाणी निराळे दिसू लागताच रस घालणे थांबवावे. अधिक रसाने छेना रबरासारखा होतो. फडक्यात गाळून वरून थंड पाणी ओतावे, म्हणजे आंबटपणा निघून जातो. फडके अर्धा तास टांगावे, पण त्यावर वजन ठेवू नये. पनीर कोरडे हवे असते, हा छेना ओलसर हवा. सुमारे ४०० ग्रॅम छेना मिळेल. परातीत घेऊन तळहाताने तो दहा मिनिटे मळावा. येथे घाई झाली तर भाजल्यावर आत कण राहतात आणि सुरीला ते लागतात. मग १५० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे बारीक रवा, एक मोठा चमचा तूप, वेलची आणि काजूचे तुकडे घालावेत. साखरेने मिश्रण आपोआप सैल होते. इडलीच्या पिठाइतके सैल हवे, कमी वाटल्यास दोन-तीन चमचे दूध घालावे.

तळाला सालाची पाने मिळणार नाहीत, पण दादरच्या बाजारात केळीची पाने मिळतात. पान आचेवरून फिरवले की मऊ होते. ते तळाच्या मापाने कापून तूप लावून बसवावे, आणि एक लांब पट्टी कडेने आतून लावावी. बटर पेपरचे काम होते आणि भाजताना पानाचा वास छेन्यात उतरतो. तळावर दोन चमचे साखर पसरून त्यावर मिश्रण ओतावे. ओव्हन आधी १८० अंशांवर तापवलेला असावा. पन्नास मिनिटे ते एक तास भाजावे. वरचा भाग बदामी झाला की बहुतेक जणी भिऊन बाहेर काढतात. आणखी दहा मिनिटे थांबावे, तो गडद झाला पाहिजे, नाहीतर ‘पोडा’ हे नाव कशासाठी? बाहेर काढल्यावर निदान दीड तास खटक्याला हात लावू नये. गरम असताना कड काढली तर छेनापोडा मध्येच खचतो, आणि मग त्याला कोणताही खटका वाचवू शकत नाही.

आता वेळेचा हिशेब, कारण येथे तोच मोठा. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासातच्याही पुढे जातो. हिवाळ्यातला वाढदिवस असेल तर केक पाचला कापला गेला पाहिजे. त्यासाठी दुपारी बाराला दूध उकळावे, एकला छेना मळायला घ्यावा, दीडच्या आत डबा ओव्हनमध्ये जावा. अडीचला बाहेर, चारला कड निघते. कामाच्या दिवशी दुकान सोडून पाचला कोण घरी येणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला ओव्हनचा उपाय नाही. काही घरांनी त्यावर तोड काढली आहे. वाढदिवस कोणत्याही वारी येवो, केक त्यानंतरच्या रविवारी दुपारी कापायचा. मुले पहिल्या वर्षी कुरकुर करतात, आणि नंतर त्यांना रविवारच बरा वाटू लागतो, कारण आजोबा, आजी, काका, काकू सगळे पानावर असतात.

डब्याच्या मापाविषयी येथेच सांगावे, कारण छेनापोडा फसतो तो पुष्कळदा मापानेच. दुकानात ७, ८ आणि ९ इंच अशी मापे मिळतात. अडीच इंच उंचीच्या ७ इंची डब्यात काठोकाठ दीड लिटरहून थोडे अधिक पाणी मावते, ८ इंचीत सुमारे २ लिटर, ९ इंचीत २.६ लिटर. एका इंचाचा फरक किरकोळ दिसतो, पण ८ इंचीचे मिश्रण ९ इंचीत ओतले तर ते पातळ पसरते आणि मधोमध शिजण्याआधी कडेने वाळून जाते. माप एक इंचाने वाढले की साहित्य सव्वापट करावे. मिश्रण दोन तृतीयांशाच्या वर कधी भरू नये. आणखी एक खोड या डब्यांची अशी की ते गळतात. नवा डबा आणला की खटका लावून पाणी भरावे आणि मोरीत दहा मिनिटे ठेवून पाहावे. थेंब पडत असतील तर पातळ मिश्रणाच्या वेळी बाहेरून अॅल्युमिनियमची फॉइल दुहेरी गुंडाळावी. शिवाय खाली एक थाळी ठेवावी, कारण गळलेले तूप ओव्हनच्या तळावर पडून धूर करते. तळाला वर उचललेली किनार असेल तर तो पालथा बसवावा, म्हणजे पदार्थ ताटलीत सरकवताना किनार आडवी येत नाही. हा डबा थेट गॅसवर कधीही ठेवू नये. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मीठ किंवा वाळू तापवून, त्यावर तिवई ठेवून, वर घट्ट झाकण घालून भाजता येते. वेळ दीडपट लागतो आणि वरून रंग येत नाही.

वरून रंग येण्यासाठी वरून आच लागते, आणि ही युक्ती मुंबईला ओव्हनच्या फार आधीपासून ठाऊक आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत कोकणातून आलेली जी कुटुंबे राहिली, त्यांच्या गावाकडे धोंडस किंवा तवसोळी होत असे. पावसाळ्यात वेलीवर पिकून पिवळी पडलेली मोठी काकडी, म्हणजे तवसे. त्याचा कीस, गूळ, तांदळाचा रवा आणि नारळ. पातेले चुलीवर मंद आचेवर ठेवायचे आणि झाकणावर निखारे पसरायचे. खालून वरून सारखी आच मिळाली की वरचा थर खरपूस, आत ओलसर. पाठारे प्रभूंच्या घरी भानोले याच रीतीने होई. म्हणजे ओव्हनमध्ये जे घडते तेच, फक्त बटणाऐवजी निखारा. चाळीच्या खोलीत निखाऱ्यांची सोय राहिली नाही आणि धोंडसाचे पातेले मागे पडले, पण पदार्थ विसरला गेला नाही. अंडे त्यात कधीच नव्हते, मैदा नव्हता, लोणी नव्हते. जैन स्वयंपाकघरात तो काही न बदलता येऊ शकतो, असे फार थोड्या भाजलेल्या गोडांविषयी म्हणता येईल.

८ इंची डब्यासाठी काकडीचा कीस पाण्यासकट तीन वाट्या घ्यावा. बिया आणि आतला गर आधी काढून टाकावा, आणि देठाकडचा तुकडा चाखून पाहावा. कडू काकडी गुळानेही गोड होत नाही. तांदळाचा जाडसर रवा दोन वाट्या, तीन मोठे चमचे तुपावर गुलाबीसर भाजावा. दुसऱ्या पातेल्यात कीस, दीड वाटी चिरलेला गूळ, एक वाटी नारळाचे दूध आणि चिमूटभर मीठ उकळावे. गूळ विरघळला की रवा घालून ढवळत राहावे. पाच-सात मिनिटांत मिश्रण पातेल्याची कड सोडू लागते. वेलची, काजू आणि खवलेला नारळ मूठभर घालून, पान लावलेल्या डब्यात ओतून वरचा भाग ओल्या चमच्याने सारखा करावा. १८० अंशांवर पाऊण तास. हा पदार्थ शिजलेला असतोच. ओव्हन त्याला फक्त घट्टपणा आणि खरपूस कड देतो. पूर्ण गार झाल्यावर खटका उघडावा, आणि वड्यांऐवजी केकसारखे त्रिकोणी तुकडे कापावेत. त्रिकोणात कापले की मुले तो केक मानतात. चौकोनात कापले की मानत नाहीत.

एक अडचण राहते. तवसे येते पावसाळ्यात, आणि चातुर्मासही तेव्हाच. ज्या घरात चार महिने हिरवी भाजी सुटलेली असते, त्या घराला धोंडस कार्तिकापर्यंत थांबवावे लागते. आणि तोवर बाजारात पिकलेले तवसे दुर्मीळ होते. साध्या हिरव्या काकडीने पदार्थ होतो, पण चव निम्मी. जेथे केवळ अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य असते, तेथे तिथी पाहून करता येतो. पर्युषणात मात्र अशा घरांनी छेनापोडाच धरावा. त्यात काकडीसारखी हिरवी भाजी नाही, पण लिंबाचा रस आणि केळीचे पान आहे, हे लक्षात ठेवावे.

तिखटात हांडवो. गुजराती आणि कच्छी घरांना तो सांगावा लागत नाही. वाळूच्या हांडवा कुकरात तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. पण त्या कुकरातून तो काढताना भांडे उलटावे लागते आणि वरची तिळाची कुरकुरीत पापडी ताटाला चिकटते किंवा खाली दबते. खटक्याच्या डब्यात तीळ वरच राहतात. हांडव्याचे तयार जाडसर पीठ दोन वाट्या, दही एक वाटी, किसून घट्ट पिळलेला दुधी दीड वाटी. आल्याऐवजी सुंठ, शिवाय हिरवी मिरची, हळद, मीठ, थोडा गूळ.

येथे द्विदळाचा विचार करावा लागतो. कच्चे दही आणि डाळ एकत्र आले की ते अभक्ष्य, म्हणून दही आधी चांगले गरम करून, कोमट झाल्यावर मगच पिठात मिसळावे. गरम करताना फुटू नये म्हणून त्यात चमचाभर तांदळाचे पीठ घोटून घ्यावे. रात्रभर आंबवणेही या नियमाने बाद होते. सकाळी नऊला भिजवून बारापर्यंत ठेवलेले पीठ आणि शेवटी घातलेले एक चमचा फ्रूट सॉल्ट एवढ्यावर हांडवो चांगला फुगतो. आंबवलेल्या पिठाची खास चव मात्र येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ती उणीव लिंबाच्या रसाने थोडी भरून निघते. फ्रूट सॉल्ट घालताच फेस येतो. त्या क्षणापासून दोन मिनिटांत मिश्रण डब्यात आणि डबा ओव्हनमध्ये गेला पाहिजे. वरून मोहरी, तीळ, हिंग आणि मिरचीची फोडणी पसरावी, तेलात काटकसर न करता. १८० अंशांवर पाऊण तास, आणि शेवटची दहा मिनिटे फक्त वरची कॉइल चालू ठेवावी.

खरा चीजकेक हवाच, असा हट्ट घरातल्या महाविद्यालयीन मुलांचा असतो. तो पुरवता येतो. तळासाठी बिस्किटांच्या चुऱ्याऐवजी नानकटाईचा चुरा घ्यावा. नानकटाई तुपातलीच असल्याने २०० ग्रॅम चुऱ्याला दोन मोठे चमचे पातळ तूप पुरते. बिस्किटे वापरायची तर पाककृतीत लिहिलेल्या १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप धरावे. लोण्यात पाणी असते, तुपात नसते, आणि हे लक्षात न घेतल्याने तळ तेलकट होऊन गळू लागतो. वरच्या थरासाठी ४०० ग्रॅम चक्का, तेवढेच आटीव दूध आणि एक वाटी साधे दूध घोटून एकजीव करावे. बंगालमध्ये भापा दोई होते ते याच मिश्रणाचे. फॉइल गुंडाळलेला डबा गरम पाण्याच्या थाळीत ठेवून १६० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. मधला भाग किंचित थरथरत असतानाच ओव्हन बंद करून दार अर्धवट उघडे ठेवावे. थंड होण्यास चार तास लागतात, म्हणून सकाळी आठला सुरुवात केली तरच त्याच दिवशी संध्याकाळच्या आत तो पानावर येतो. दही दोन रात्रींच्या आतले हवे, हा नियम असेल तर चक्का विकत आणण्यापेक्षा घरीच बांधावा.

ओव्हनच नको असेल, तर जिलेटिनच्या जागी चायना ग्रास. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून येते. चायना ग्रास समुद्री शेवाळातून. ज्या घरात शेवाळवर्गीय काहीच चालत नाही तेथे हा मार्गही बंद, हे आधीच विचारून घ्यावे. जेथे चालते, तेथे अर्धा लिटर दुधाला चार-पाच ग्रॅम भुकटी पुरते, पण ती खळखळून उकळावीच लागते. जिलेटिनसारखी कोमट पाण्यात विरघळत नाही. एक गुण तिचा असा की एकदा घट्ट झालेला थर मुंबईच्या मे महिन्यातही ताटलीत वितळत नाही.

साधा चॉकलेट केक, खजूर-अक्रोडाचा लांबट केक, ब्राउनी यांच्यासाठी या डब्याची गरज नाही. आकाराने चौकोनी किंवा लांबट असलेले पदार्थ त्यांच्या त्यांच्या भांड्यातच चांगले होतात, आणि पातळ घोळाचा स्पंज केक खटक्याच्या फटीतून गळतो, तो निराळाच.

वापरून झाल्यावर तळावर स्टीलच्या सुरीने तुकडे कापू नयेत; वरचा काळा लेप खरवडला जातो आणि पुढच्या वेळी तेथेच चिकटते. केळीचे पान तळाशी असेल तर तुकडे पानासकट ताटलीत सरकवून तेथे कापावेत. डबा हातानेच धुवावा, घासणी मऊ असावी. पावसाळ्यात सर्वांत आधी गंजतो तो खटका, कारण त्याच्या सांध्यात पाण्याचा थेंब अडकून राहतो आणि फडक्याने तो पुसता येत नाही. धुतल्यावर खटका उघडा ठेवून, तळ आणि कड निराळे करून, नुकताच बंद केलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवले की तो थेंब निघून जातो.